युनियनची पावती : महिन्याला चौदा पौंड, अडीच वर्षांचा अनुभव

ब्रिटनमध्ये केअरच्या कामाला आलेल्या मराठी मुली फोनवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न हा : "ताई, युनियनचं मेंबर व्हावं का? महिन्याला चौदा पौंड जातात, त्यात मिळतं काय?" प्रत्येकीशी अर्धा अर्धा तास बोलते, तरी काही ना काही सांगायचं राहतंच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

मी सोलापूरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. जून २०२३ मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडातल्या स्विंडनला आले आणि त्याच ऑक्टोबरात युनियनची मेंबर झाले. माझ्या युनियनचं नाव लिहीत नाही. पुढे तिच्याबद्दल तक्रारीही आहेत आणि एका शाखेतल्या अनुभवाचा डाग सगळ्या संघटनेला लागू नये असं मला वाटतं. या क्षेत्रात युनिसन, जीएमबी, युनाइट या मोठ्या युनियन आहेत, नर्सिंगवाल्यांसाठी आरसीएन (रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग) आहे. काहींची वर्गणी पगाराप्रमाणे ठरते. आपल्या पगाराला परवडणारी घ्या. पण आपल्या भागात, आपल्या कामाच्या ठिकाणी जिचा माणूस प्रत्यक्ष येतो ती घ्या, हे पहिलं.

आता मी का झाले ते.

माझं काम घरोघरी जाण्याचं. सकाळी सातला पहिला कॉल, रात्री साडेनऊला शेवटचा. आजीबाईंना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, गोळ्यांच्या तक्त्यावर सही करायची, गाडीत बसायचं, पुढच्या घरी. दिवसाला अकरा-बारा घरं. घरातून सव्वासहाला निघालेली मी रात्री दहाला परत येत होते, आणि पगाराच्या चिठ्ठीवर त्या दिवसाचे तास दिसायचे सात, फार तर साडेसात. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ धरलेलाच नसायचा. व्हिसाच्या कागदावर आठवड्याला ३९ तास आणि तासाला १०.७५ पौंड लिहिलेले होते. हातात पडायचे पैसे कधी अठ्ठावीस तासांचे, कधी तिसाचे. काही आठवडे तर शिफ्टच द्यायचे नाहीत.

मी विडी कामगाराची मुलगी आहे. आई हजार विड्या वळून कारखान्यात न्यायची तेव्हा तपासणारा माणूस त्यातल्या शंभर-सव्वाशे छाट म्हणून बाजूला काढायचा आणि मजुरी उरलेल्यांचीच मिळायची. छाट काढलेल्या विड्या मात्र आईला परत मिळायच्या नाहीत. त्यामुळे केलेल्या कामातलं काम गायब होतं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोजचे तास मी दुसऱ्या महिन्यापासून वहीत लिहायला लागले.

पण बोलणार कुणाशी? आमच्या कंपनीत बाहेरून आलेल्या आम्ही अठरा जणी. सगळ्यांचा व्हिसा त्याच कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे कंपनीनं आपल्या लायसन्सवर आम्हाला आणलेलं, व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. मॅनेजरनं एकदा मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं की तक्रारी वाढल्या तर कंपनीचं लायसन्स जाईल आणि मग तुम्ही सगळ्या घरी. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर भीती वाटली. नोकरी गेली किंवा मालकाचं लायसन्स रद्द झालं की होम ऑफिसचं (इथल्या गृहखात्याचं) पत्र येतं आणि साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. माझ्याबरोबरच्या बहुतेकींनी एजंटला लाखांत पैसे मोजलेले. मी स्वतः नऊ लाख दिले होते. (स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट विकणं बेकायदा आहे. हे मला इथे आल्यावर कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून कंसात लिहितेय.) सासऱ्यांच्या नावावर कर्ज असताना साठ दिवसांचा जुगार कोण खेळणार?

युनियनची गोष्ट माझ्या कानावर घातली ती आमच्या कंपनीतल्या गोव्याच्या ताईनं. ती सासष्टीची. पोर्तुगीज पासपोर्टवर २००९ सालीच स्विंडनला आलेली. गोवा १९६१ च्या डिसेंबरात भारतात आला. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या वाटेनं आलेली गोव्याची पुष्कळ कुटुंबं स्विंडनमध्ये आहेत. ब्रेक्झिटनंतर ताईला कायम राहण्याचा हक्क मिळाला. ती आणि मी एकाच रोटावर (ड्यूटीच्या यादीवर), एकच काम, तीच पगाराची चिठ्ठी. मीटिंगमध्ये मात्र ती उभी राहून विचारायची, "माझ्या गाडीत गेलेल्या वेळाचे पैसे कुठे आहेत?" आणि मी मान खाली घालून बसायचे. ती माझ्यापेक्षा शूर होती असं मी बरेच दिवस समजत होते. तीच एकदा गाडीत म्हणाली, "बाय, मला काढलं तर मी उद्या दुसरीकडे जाईन. तुला काढलं तर तुला विमानात बसवतील. हे तुझ्या भित्रेपणाचं नाही, तुझ्या कागदाचं आहे."

तिनंच फोनवर फॉर्म भरून दिला.

पहिला अनुभव चांगला नव्हता, तो आधी सांगते. हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं थांबले. पलीकडच्या मुलीनं माझं सगळं ऐकलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, मेंबर होऊन चार आठवडे झाल्याशिवाय वकिलाची मदत मिळत नाही आणि मेंबर होण्याआधी सुरू झालेल्या भांडणाला ती मिळेलच असं नाही. दोन, व्हिसाबद्दल ती काहीही बोलू शकत नाही. दुसऱ्या गोष्टीचा मला फार राग आला. माझा सगळा जीव व्हिसात अडकलेला आणि ही म्हणते त्यावर बोलायचं नाही! नंतर कळलं की इथे इमिग्रेशनचा सल्ला फक्त मान्यताप्राप्त सल्लागारानंच द्यायचा असा १९९९ पासून कायदा आहे. युनियनच्या साध्या प्रतिनिधीनं दिला तर तो गुन्हा ठरतो. एजंटांनी केलेली लूट पाहता हा कायदा असायलाच हवा. पण हे त्या मुलीनं तीन वाक्यांत सांगितलं असतं तर मी दोन रात्री रडले नसते. पुढे युनियननंच मान्यताप्राप्त सल्लागाराची वेळ ठरवून दिली, तीही एकोणीस दिवसांनी. साठ दिवसांचं घड्याळ चालू असलेल्या बाईला एकोणीस दिवस म्हणजे तिसरा हिस्सा झाला. युनियनला पाचपैकी तारे द्यायचे तर इथे एक तारा कापते.

आता चांगलं. आम्हाला दिलेला प्रतिनिधी निवृत्तीला आलेला इंग्रज गृहस्थ, पूर्वी रेल्वेत असलेला. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि तीन तास माझी वही आणि पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून आकडे मांडत राहिला. त्यानं सांगितलं की एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचा वेळ धरावाच लागतो. त्या वर्षी किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं. माझे प्रत्यक्ष तास धरले तर मला त्याहून बरेच कमी पडत होते. त्यानं माझ्या एकटीच्या नावानं काही लिहिलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. ताई, मी आणि आणखी सहा जणी अशा आठ जणींच्या नावानं एकच पत्र गेलं. पहिली सही ताईची, माझी पाचवी. मालकाच्या लायसन्सचा त्यात शब्दही नव्हता, फक्त तास आणि पैसे.

कंपनीनं मला मीटिंगला बोलावलं. शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या मीटिंगला युनियनचा माणूस किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क इथल्या कायद्यात आहे, मालक युनियनला मानत नसला तरीही. तो म्हातारा माझ्या शेजारी बसला. फारसं बोललाही नाही. मॅनेजर माझ्याशी पूर्वी ज्या आवाजात बोलायचा तो आवाज त्या दिवशी नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या खात्यात थकबाकीचे १,३१२ पौंड आले. तोवर मी वर्गणी भरली होती सत्तरेक पौंड.

हिशेब एवढ्यावर थांबवला तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी होईन. पण तसं करणं खरं नाही.

कारण थकबाकी मिळाली आणि शिफ्टा कमी झाल्या. युनियननं पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर आलं, काम कमी आहे. यापुढे एकच वाट होती, कंपनी व्हिसाच्या कागदावरचे तास देत नाही हे होम ऑफिसला कळवणं. तसं कळवलं तर तपासणी होईल, कदाचित लायसन्स जाईल, आणि अठरा जणींना साठ दिवसांची पत्रं येतील. गुन्हा मालकाचा आणि शिक्षा आम्हाला. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला की चाळीस वर्षं मी हे काम करतोय, पण मालकाविरुद्ध जिंकलं की आपलेच लोक हद्दपार होतील अशी लढाई मी याआधी लढलेलो नाही. आम्ही कळवलं नाही. याचं मला आजही बरं वाटत नाही. माझ्या मागून आलेल्या मुलींना तेच सोसावं लागलं असणार.

मी त्या कंपनीतून सुटले ते ताईमुळे. तिच्या ओळखीच्या एका केअर होमला माणूस हवा होता आणि त्यांच्याकडे स्पॉन्सर लायसन्स होतं. मालक बदलायचा तर नवं सर्टिफिकेट, व्हिसाचा नवा अर्ज, त्याचा निकाल, मग कामाला सुरुवात. यात युनियनचा हात नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ताई मला लंडनला घेऊन गेली. डॉलिस हिल स्टेशनच्या परिसरात भिंतीवर ग्रनविकच्या संपाचं मोठं चित्र आहे, २०१७ साली लावलेलं. ग्रनविक म्हणजे फोटो धुऊन देणारा कारखाना. १९७६ च्या ऑगस्टमध्ये तिथून जयाबेन देसाई नावाची गुजराती बाई बाहेर पडली. तिच्यामागे आलेल्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आपल्याकडच्या बाया. साडी नेसून थंडीत गेटवर उभ्या राहिल्या. मालकानं १३७ जणांना काढून टाकलं. संप जवळजवळ दोन वर्षं चालला. क्रिकलवुडच्या पोस्टमननी कारखान्याची टपाल न्यायला नकार दिला, खाणकामगार बसेस भरून आले. शेवटी वरच्या युनियन पुढाऱ्यांनीच हात काढून घेतला आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन त्यांच्या केंद्रीय कचेरीच्या दारात उपोषणाला बसल्या. संप हरला.

भिंतीसमोर उभी असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. १३७ जणांची नोकरी गेली, पण 'आता ६० दिवसांत देश सोडा' असं पत्र त्यांना आलं नाही. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. ब्रिटननं १९६८ मध्ये घाईघाईनं कायदा करून त्याच पासपोर्टवाल्यांची वाट अडवायला सुरुवात केली होती, पण ज्या आत आल्या त्या मालकाच्या मालकीच्या नव्हत्या. म्हणून त्या दोन वर्षं गेटवर उभ्या राहू शकल्या. माझ्यासारख्या व्हिसावर असत्या तर त्या तिसऱ्या महिन्यात विमानात बसल्या असत्या.

आणि युनियननी त्या काळात काय केलं, तेही मेंबर म्हणून माहीत असायला हवं. एप्रिल १९६८ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संसदेवर मोर्चा काढला तो इनॉक पॉवेल या खासदाराच्या बाजूनं, म्हणजे आमच्यासारख्यांना येऊ देऊ नका म्हणून. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार संपावर गेले तेव्हा तिथल्या युनियनच्या पुढाऱ्यानं त्यांना साथ नाकारली. आणि १९७७ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांचाच झेंडा ग्रनविकच्या गेटवर आला. नऊ वर्षांत हा बदल झाला तो कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणानं नाही, गेटवर उभ्या राहिलेल्या बायांमुळे झाला असं मला वाटतं.

बाहेरच्या माणसाला अडवलं की आपली मजुरी वाचेल, असं समजणारे माझ्या आत्ताच्या शाखेतही आहेत. एका इंग्रज सहकारिणीनं मला तोंडावर विचारलं, तुम्ही कमी पैशांत काम करता म्हणून आमचे पगार वाढत नाहीत ना? मला राग आला नाही, तिला दोन मुलं आहेत आणि घरभाडं वाढलंय. मी तिला माझी जुनी वही दाखवली. मी कमी पैशांत काम करायला तयार झाले नव्हते, मला नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या व्हिसाची दोरी मालकाच्या हातात असेतोवर तुझ्याही पगाराची दोरी त्याच्याच हातात आहे, असं मी तिला म्हटलं. ती त्या आठवड्यात मेंबर झाली नाही. नंतर झाली.

सरकारचं धोरण या काही वर्षांत कसं सरकत गेलं, तेही पाहा. केअर वर्करना या व्हिसाचं दार उघडलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, कारण माणसंच मिळत नव्हती. ११ मार्च २०२४ पासून नव्यानं येणाऱ्यांना नवरा-मुलं आणायला बंदी आली. मी आधी आलेली, म्हणून माझे दोघं येऊ शकले. माझ्यानंतर आलेल्या कोट्टायमच्या मुलीचा चार वर्षांचा मुलगा आजीकडे आहे. रात्रपाळीत ती मोबाइलवर त्याला झोपलेला बघते. २२ जुलै २०२५ पासून बाहेरून केअर वर्कर आणणं बंदच झालं. त्याआधी एप्रिलमध्ये नियम आला होता की इंग्लंडातल्या मालकानं आधी इथेच अडकलेल्या, स्पॉन्सर गमावलेल्या कामगारांतून माणूस शोधायचा. हा नियम आपल्या उपयोगाचा, पण आता तो लागू आहे का ते विचारून घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं प्रस्ताव मांडला की कायम राहण्याच्या हक्कासाठी आमच्यासारख्यांना पाचऐवजी पंधरा वर्षं थांबावं लागेल. मी हिशेब २०२८ चा धरून चालले होते. पंधरा म्हणजे २०३८. माझी मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची असेल.

इथेच युनियनबद्दलचं माझं मत बदललं. पूर्वी मला वाटायचं, युनियनचं काम पगाराचं, व्हिसा हा वेगळा विषय. आता आमच्या शाखेच्या बैठकीत व्हिसा हाच पहिला विषय असतो. युनिसननं जाहीर मागणी केलीय की स्पॉन्सरशिप एका मालकाच्या हातात न ठेवता सगळ्या क्षेत्रासाठी एकच ठेवावी, म्हणजे मालक बदलला तरी व्हिसा तसाच राहील. ही एक गोष्ट झाली तर माझ्या पहिल्या कंपनीसारख्या कंपन्या सहा महिन्यांत सुधारतील किंवा बंद पडतील, याची मला खात्री आहे.

आणखी एक नियम सांगते, कारण मुली याच्याबद्दल फार घाबरतात. वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी गैरहजर राहिलात तर स्पॉन्सरशिप जाऊ शकते. पण कायदेशीर संपातले दिवस त्यात धरत नाहीत. ही सूट २०१८ मध्ये आली. "संपावर गेलं की व्हिसा जातो" हे मॅनेजर सांगतात ते खोटं आहे. संप कायदेशीर हवा, म्हणजे रीतसर मतदान होऊन युनियननं पुकारलेला हवा.

सोलापूरला आईला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं वर्गणी किती ते आधी विचारलं. चौदा पौंड म्हणजे पंधराशेच्या वर, ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, पावती देतात का? तिच्या पेटीत लाल बावट्याच्या पावत्या अजून आहेत. २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यातल्या एका घरात ती राहते. त्या घरासाठी किती वर्षं मोर्चे निघाले ते मी लहानपणी तिच्या कडेवरून पाहिलंय. तिला मालक म्हणायचा, कारखाना बंद करीन. पण सोलापुरातून जा असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं. तेवढा फरक तिच्या पावतीत आणि माझ्या पावतीत आहे. इथे पावती ईमेलवर येते. मी ती छापून तिच्यासाठी फोटो पाठवला.

तर पाचपैकी चार तारे. कापलेला तारा हेल्पलाइनचा आणि त्या एकोणीस दिवसांचा. मेंबर व्हायचं तर भांडण सुरू होण्याआधी व्हा, म्हणजे कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात. पगाराच्या पैशांसाठी लेबर कोर्टात जायची मुदत मला सांगितली गेली ती तीन महिन्यांत एक दिवस कमी अशी होती. ती कधी उलटते ते कळतही नाही. तास रोजच्या रोज वहीत, स्वतःच्या हातानं, तारीख घालून. मोबाइलवर लिहिलेलं कंपनीच्या ॲपमधून गायब झालेलं मी पाहिलंय.

कोट्टायमची मुलगी परवा माझ्या गाडीत बसून मेंबर झाली. तिच्याही पगारात प्रवासाचा वेळ दिसत नाही. तिला मी एक वही दिली आहे, आणि तिचे चार आठवडे कधी पूर्ण होतात ती तारीख तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.